अब्बांचा पहिला डोस

आमच्या घरात अब्बा म्हणजे मुख्यतः आवाज होता. दर दोन वर्षांनी दोन महिने ते सगळेच्या सगळे यायचे, दोन मोठ्या बॅगा, खजुरांचे डबे आणि अत्तराचा वास घेऊन. बाकीचे बावीस महिने ते रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर फोनमधून यायचे. कुवेतला एका बांधकाम कंपनीच्या मेसमध्ये ते मुख्य स्वयंपाकी होते. दोनशे माणसांचं दोन वेळचं जेवण त्यांच्या नजरेखाली शिजायचं. पनवेलच्या आमच्या मोहल्ल्यात निम्म्या घरांत असाच एकेक आवाज होता, त्यामुळे मला त्यात काही कमी वाटायचं नाही. उलट मी तोऱ्यात असायचे, कारण फोन माझ्या हातात असायचा. अम्मीला कॅमेरा नीट धरता यायचा नाही, तिने फोन घेतला की अब्बांना छतावरचा पंखा दिसायचा. सना, माझी नऊ वर्षांनी धाकटी बहीण, दोन मिनिटांत कंटाळून खेळायला पळायची. मग उरायचे मी. शाळेत काय झालं, घरमालकाने पाण्याची मोटर दुरुस्त केली की नाही, मामूजान कुणाशी भांडले, हे सगळं मी अब्बांना सांगायचे आणि ते मला विचारायचे, "मॅनेजर, आज काय रिपोर्ट?" मॅनेजर म्हणजे मी. आख्ख्या घरात हे पद एकटीकडे होतं आणि ते कायमचं आहे अशी माझी समजूत होती.

मग एका हिवाळ्यात अब्बा मामूजानच्या मुलीच्या निकाहसाठी आले आणि परतीच्या तिकिटाला दहा-बारा दिवस उरले असताना साथीमुळे विमानं बंद झाली. सुरुवातीला घरात सणच होता. बाहेर पोलीस, आत आम्ही चौघं, आणि स्वयंपाकघरात अब्बा. त्यांची एकच अडचण होती, त्यांना थोडं करता यायचं नाही. चार जणांचा सालन, म्हणजे कालवण, करायला म्हणून उभे राहायचे आणि बोलता बोलता पाच किलो कांदा चिरून मोकळे व्हायचे. चिरण्याचा तो आवाज मला अजून येतो, एकसारखा, न अडखळता, मध्येच सुरी फळीवर आपटून कांदा बाजूला लोटल्याचा एक ठोका. अम्मी दारात उभी राहून म्हणायची, "अहो, कुणाकुणाचा मयत हाय आज?" शेवटी तेवढं सगळं डब्यांत भरून जिन्यावरच्या सगळ्या घरांत जायचं. नारळाच्या दुधातली कोळंबी, तांदळाच्या भाकऱ्या, शुक्रवारी सांदणं. लोकांना त्या दिवसांतलं काय काय आठवतं, आमच्या इमारतीला अब्बांचं जेवण आठवतं.

पण महिने सरत गेले तसा माझा जीव जळायला लागला, आणि त्याचं कारण सात-आठ वर्षांचं होतं, दोन वेण्यांचं होतं आणि अब्बांच्या मांडीवर बसलेलं होतं. फोनवर जी दोन मिनिटं टिकत नव्हती ती सना आता अब्बांना क्षणभर सोडत नव्हती. अब्बा समोशाच्या पट्ट्या घडी घालायला बसले की ही शेजारी. अब्बा गच्चीवर फेऱ्या मारायला गेले की ही त्यांची करंगळी धरून. त्यांनी तिला सायकल शिकवली, जी मी मामूजानच्या हाताखाली, शिव्या खात शिकले होते. तिच्या वेण्या घालायला शिकले. दोनशे माणसांची बिर्याणी दमवर लावणारा माणूस तोंडात रबर धरून तासभर त्या दोन वेण्यांशी झटायचा, आणि तिरक्या झाल्या तरी ती बया त्या दिवसभर मिरवायची. मी बारावीत होते. माझ्या वेण्या घालायचं वय निघून गेलं होतं आणि मांडीवर बसायचं तर कधीच. मॅनेजर म्हणायचे अब्बा मला, पण फोनचं बिल भरायला किंवा मोबाईल अडकला की. रिपोर्ट कसला देणार, सगळं घर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

ह्या वयात हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं. सनाला ताप आला तरी मला वाटायचं, मुद्दाम आणला. जेवताना अब्बा काट्याचा मासा सोलून तिच्या ताटात ठेवायचे, आणि मला म्हणायचे, "तुला जमतं गो, तू मोठी." मला जमत होतं हाच माझा गुन्हा होता. एकदा मी माझ्याच ताटातला काटा मुद्दाम घशात अडकवून घेतला. अम्मीने पाठीत दोन धपाटे घातले, भाताचा घास गिळायला लावला आणि काम संपलं. अब्बा तेव्हा सनाला पाणी देत होते.

अशात लसीची बातमी आली. आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांनाच लस हवी होती, पण जगायला हवी होती तितकीच जायला हवी होती. कुवेत, दोहा, दम्माम, जिकडे ज्याची नोकरी तिकडचं दार लस घेतल्याशिवाय उघडणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. अब्बांच्या साहेबांनी कळवलं होतं की जागा धरून ठेवतो, पण किती दिवस ते सांगता येत नाही. मेसमध्ये बदली आचारी लावला होता. अम्मी नमाजनंतर दुवा मागायची त्यात लस असायची. आणि मीही मागायचे, तिच्यापेक्षा जास्त मनापासून, फक्त माझं कारण वेगळं होतं. अब्बा गेले की फोन परत माझा. सना दोन मिनिटांत कंटाळेल आणि मगरिबनंतर अब्बा पुन्हा माझे एकटीचे होतील, असा माझा साधा हिशोब होता. कुणी मला विचारलं असतं की तुला अब्बा घरात हवेत की नकोत, तर मी खरं उत्तर दिलं नसतं, पण ते नकोत असंच होतं.

पहिल्यांदा लस मिळाली दवाखान्यात काम करणाऱ्यांना. आमच्या समोरची परवीनआपा एका दातांच्या दवाखान्यात चिठ्ठ्या फाडायची, तिला मिळाली आणि आख्खी इमारत तिच्या दंडाकडे बघायला गेली. मग म्हाताऱ्यांना. मग पंचेचाळीसच्या पुढच्यांना, पण त्यांना काही आजार असेल तरच. ते दोन-तीन आठवडे मोठे मजेचे होते. ज्यांनी आयुष्यभर शुगर लपवली ते कागद हातात धरून फिरायला लागले, आणि ज्यांना काहीच नव्हतं ते त्यांच्याकडे बघून चरफडायला लागले. मामूजानना शुगर होती. ते आमच्याकडे येऊन दंड दाखवून, चहात दोन चमचे साखर घालून गेले. अब्बांना साधं ब्लडप्रेशरही नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांचा निरोगी माणूस म्हणून त्यांना पहिल्यांदाच वाईट वाटलं असेल. अम्मी तर दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घ्या म्हणून मागे लागली होती.

नंतर ती अट गेली आणि पंचेचाळीसच्या पुढचे सगळे मोकळे झाले. आता अडचण मिळण्याची होती. माझ्या मुलीला खरं वाटत नाही, पण आम्ही मोबाईल समोर ठेवून, अंगठा वर धरून बसायचो. केंद्रावरच्या जागा उघडायच्या आणि "उघडल्या" म्हणेपर्यंत संपायच्या. खारघरच्या टॉवरमध्ये लोक चार चार लॅपटॉप लावून बसतात असं ऐकलं होतं. खरं असेल नसेल, मी त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. हे काम मात्र घरात फक्त मला येत होतं. सकाळी, दुपारी, जेवताना मी अब्बांचा फोन घेऊन बसलेली आणि अब्बा मधून मधून डोकावून विचारायचे, "मॅनेजर, काय झालं का?" पुष्कळ दिवसांनी ते पद अंगाला लागत होतं.

त्याच फोनवर एका दुपारी मुश्ताकचाचांचा आवाज आला. मुश्ताकचाचा उरणचे, अब्बांच्या मेसमध्ये भाजी आणि मासळी घेण्याचं काम बघायचे. त्यांनी व्हॉइस मेसेज पाठवला होता. मी कानाला लावून ऐकला. "अस्सलाम आलेकुम भाईजान. एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुमच्याकडे दोन लसी हायत. इथे त्यातली एकच चालणार असं ऑफिसमधून सांगतात. दुसरी घेतली तर दाखला असून नसल्यासारखा. घेताना नाव बघून घ्या." आणि कुठली चालते तेही त्यांनी दोनदा सांगितलं. मी लगेच अब्बांना सांगायला उठले. अब्बा गच्चीत होते. सना त्यांच्या खांद्यावर बसून कपड्यांच्या दोरीला हात लावत होती आणि दोघं मोठमोठ्याने हसत होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी खाली आले. नंतर सांगू म्हटलं. मग संध्याकाळ झाली, मग दुसरा दिवस, आणि मला कळलं की न सांगण्यात एक गोडी आहे. अब्बांच्या कामाची एक गोष्ट फक्त मला माहीत होती. शिवाय लस निवडणारी मीच होते, मी नीट बघूनच घेणार होते, मग सांगायची घाई काय.

आणि मी नीट बघूनच घेतली. रमजानला चार-पाच दिवस असताना कळंबोलीजवळ रोडपालीच्या एका शाळेतल्या केंद्रावर जागा मिळाली, नाव वाचून, हवी तीच लस. मी इतक्या जोरात ओरडले की अम्मी हातातलं पीठ घेऊन धावत आली. अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सनाला सोबत न्यायची नाही हे मी जाहीर करून टाकलं, लहान मुलांना बंदी आहे म्हणून. तशी पाटी कुठेही नव्हती.

सकाळी आम्ही स्कूटीवर निघालो, मी पुढे आणि अब्बा मागे, कारण त्यांचं लायसन कुवेतचं. उरण नाक्यापासून कळंबोलीपर्यंत रस्ता रिकामा होता. अब्बा मागून वळणं सांगत होते, जणू मी पहिल्यांदाच चाललेय. शाळेपाशी पोचलो तर रांग मैदानाला वळसा घालून बाहेर फुटपाथवर आली होती. वेळ लिहिलेली असून नसल्यासारखी होती. आम्ही तीन तास उभे राहिलो, आणि ते तीन तास मी आयुष्यात कुणालाही देणार नाही. अब्बांनी खिशातून बडीशेप काढली, अर्धी मला दिली. मग ते बोलायला लागले. फोनवर मी बोलायचे आणि ते ऐकायचे, त्यामुळे ते स्वतः इतकं बोलतात हे मला माहीतच नव्हतं. म्हणाले, पहिल्या वर्षी कुवेतला मला कुणी स्वयंपाकी म्हणून ठेवलंच नव्हतं, भांडी घासायला ठेवलं होतं. घरच्या आठवणीने रडू यायचं तेव्हा मोठ्या फ्रीजच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचो, तिथे इतका गारठा की रडता रडता दातच वाजायचे. मग हसू यायचं आणि बाहेर यायचो. "तुझ्या अम्मीला नाय माहीत हे," ते म्हणाले. "तू झालीस तेव्हा पण त्याच खोलीत गेलेलो. फोनवर कळलं. बाहेर आल्यावर सगळ्यांना शिरा करून घातला."

मी विचारलं, "शिरा नीट झाला?"

"जास्त झाला," अब्बा म्हणाले. "दोनशे लोक, दोन दिवस खात होते."

मग त्यांनी मला विचारलं की बारावीनंतर काय करणार. हे फोनवर त्यांनी शंभरदा विचारलं होतं आणि मी शंभरदा बीकॉम सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले, आणि मी सांगितलं की मला बीकॉम नको, मला मराठी घेऊन बीए करायचंय. "उर्दूपण सोडू नको मग," एवढंच अब्बा म्हणाले. रांग सरकली. पुढे म्हणाले, "दुसरा डोस झाला की इन्शाअल्लाह मी निघतो. फी वगैरे मी तिकडून बघीन." ते "निघतो" मी कित्येक महिने दुवेत मागितलं होतं. पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि ते मला नको झालं. बावीस वर्षं ज्या दोनशे माणसांनी त्यांच्या हातचं खाल्लं, त्यांना हे अब्बा रोज मिळत होते. कांदा चिरताना बोलणारे, बडीशेप वाटणारे, असे सबंध. मला मिळत होता तो त्यांच्या दिवसाचा शिळा झालेला अर्धा तास, आणि त्याचा मी तोरा मिरवत होते. सना माझ्या डोक्यातून निघून गेली. मला त्या न बघितलेल्या दोनशे माणसांचा असा हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि अब्बांना वाटलं ऊन लागलं.

आमचा नंबर आला तेव्हा टेबलापाशी बसलेल्या मुलाने कागद बघून सांगितलं, "काका, तुम्ही बुक केली ती काल संपली. आज दुसरी आहे. चालत असेल तर आत जा, नाहीतर परत यावं लागेल." मागून लोक ढकलत होते. अब्बांनी त्याला काही विचारलं नाही. ते माझ्याकडे वळले. फोन, कागद, सगळं माझ्या हातात होतं.

"चालते ना गो ही तिकडे?"

मी म्हटलं, "चालते, अब्बा."

ते आत गेले. पाच मिनिटांनी दंडाला कापूस धरून बाहेर आले आणि म्हणाले, मुंगी चावल्यासारखं पण नाय वाटलं. परतताना त्यांनी मला नाक्यावर उसाचा रस पाजला. अर्धं शटर ओढून एक जण देत होता. मला वाटलं होतं मला तो उतरणार नाही, पण उतरला, आणि मी दुसरा ग्लासही मागितला.

अब्बा पुन्हा कधी कुवेतला गेले नाहीत. एकदा एक लस घेतली की सरकारी यादीत तेच नाव चढतं, दुसरा डोसही तोच घ्यावा लागतो; तिकडे ती लस मान्य होईपर्यंत साहेबांचा धीर आणि अब्बांचा तिथे राहण्याचा परवाना दोन्ही संपले होते. पुढे त्यांनी इथेच बिर्याणीच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, खारघर-कामोठ्यापर्यंत डेग जायला लागले. सना त्यांच्या हाताखाली तयार झाली. मी बीए झाले आणि लग्न होऊन रत्नागिरीला गेले. म्हणजे मी अब्बांना थांबवून घेतलं ते सनासाठीच, असं बघायला गेलं तर. आज त्या धंद्यावर तिचं नाव आहे आणि बरीच वर्षं ते नाव मला डोळ्यांत खुपायचं. आता खुपत नाही म्हणणार नाही, कमी खुपतं.

पण मला सांगायचंय ते त्या आधीचं. ईद होऊन गेली होती, पाऊस संपत आला होता, आणि कुठल्या लसी चालणार त्याची पक्की यादी आली. मुश्ताकचाचांचा फोन आला तेव्हा अब्बा कुकरची शिटी साफ करत होते, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला. अम्मी, मी, सना तिथेच होतो. चाचांनी यादी वाचली, अब्बांनी आपल्या लसीचं नाव सांगितलं, आणि ते यादीत नव्हतं. मग चाचा म्हणाले, "भाईजान, मी तुम्हाला व्हॉइस पाठवलेला ना. रमजानच्या आधी. दोनदा नाव सांगितलेलं मी."

अब्बांनी वर बघितलं नाही. शिटीच्या भोकातून तार आरपार घातली आणि म्हणाले, "आलेला. ऐकायचा राहून गेला माझ्याकडून."

त्यांचा फोन कुणाकडे असायचा हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण अम्मीला त्या वेळी ते सुचलं नाही. फोन बंद झाल्यावर ती अब्बांना नको नको ते बोलली. बावीस वर्षं परदेशात काढलीत आणि एक मेसेज ऐकता आला नाय, पोरींचं आता काय, माझ्या भावापुढे मी काय तोंड दाखवू. अब्बा "बरोबर हाय" म्हणत राहिले. शेवटी ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून रडायला लागली. सना तिच्या मागोमाग गेली. अब्बा उठले, कांद्याची टोपली पुढे ओढली आणि चिरायला बसले. मी त्यांच्या समोर बसले.

"अब्बा, तो व्हॉइस मी ऐकलेला."

"ठाऊक हाय," अब्बा म्हणाले. सुरी चालूच होती. "विसरलीस. तुझं तरी वय काय."

"विसरले नाही. त्या दिवशी टेबलापाशी मला माहीत होतं. मी मुद्दाम चालते म्हटलं."

सुरी थांबली. इतक्या महिन्यांत तो आवाज अर्ध्यावर थांबलेला मी ऐकला नव्हता. अब्बांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते प्रेम नव्हतं. ते मी खूप वर्षं प्रेम म्हणून आठवायचा प्रयत्न केला, पण नव्हतं. अपमान झालेला माणूस बघतो तसं ते बघत होते.

"का गो?"

"तुम्ही गेला असतात."

आतून अम्मीचा आवाज येत होता. अब्बांनी चिरलेला कांदा बाजूला लोटला, अर्धी टोपली माझ्याकडे सरकवली आणि दुसरी सुरी दिली. मग दाराकडे बघून, हळू आवाजात म्हणाले, "हे अम्मीला सांगायचं नाय. सनाला तर कधीच नाय."

मी मान हलवली आणि चिरायला घेतलं. लाज मला वाटली, ती पुढे पुष्कळ वाटली आणि अजून वाटते. पण त्या क्षणी लाज नव्हती. अब्बांची बावीस वर्षांची नोकरी माझ्या एका शब्दाने गेली होती, अम्मी आत रडत होती, आणि कांद्यावर मान वाकवून मी आतल्या आत खूश होते, कारण अब्बांचं असं काहीतरी आता माझ्याकडे होतं जे सनाकडे नव्हतं.